थाटमाट, डामडौल, बडेजाव, भपका, दिमाख : हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

नाही चालत. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे गावच्या यात्रेच्या पत्रकात यातला कोणता घालावा, त्याचं उत्तर शेवटी देतो. तालुक्यांतून येणाऱ्या यात्रा-उत्सवांच्या बातम्या नीट करणं हे माझं काम. कार्तिकापासून वैशाखापर्यंत हे सगळे शब्द रोज हाताखालून जातात, आणि कुठे कोणता खटकतो ते हळूहळू कळायला लागतं.

मी आधी बघतो, बोलणारा मांडवातला आहे की मांडवाबाहेरचा. ‘आमच्याकडचं लग्न थाटात झालं’ असं वरबाप छाती काढून सांगेल. ‘आमच्याकडे लग्नाचा भपका होता’ असं कुठला वरबाप म्हणेल? भपका, बडेजाव, अवडंबर, स्तोम हे शब्द दुसऱ्याबद्दल वापरायचे, आणि तेही बहुधा पंगतीतून हात धुवून उठल्यावर. डामडौल तेवढा अधलामधला. त्यात गालिचे, मांडव, दारातल्या गाड्या असा खर्च खरोखर झालेला असतो. फक्त सांगणाऱ्याला तो जास्त वाटलेला असतो. म्हणून ‘साधेपणाने, कुठलाही डामडौल न करता’ असं वाक्य छान बसतं. भपका डोळ्यांत भरतो आणि विरून जातो. अत्तराचा आणि दारूचाही भपकाच येतो, हे लक्षात ठेवलं की शब्दाची जात कळते. बडेजावाला तर पैसाही लागत नाही, तोंड पुरतं. खिशात दमडी नसताना आजोबांच्या वाड्याचा बडेजाव मिरवणारी माणसं प्रत्येक पारावर सापडतात. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण त्यांच्यासाठीच आहे.

दिमाखाची गोष्ट वेगळी. दत्तजयंतीच्या सुमाराला शहादा तालुक्यात सारंगखेड्याला या. तापीच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिचा घोडेबाजार देशभर ठाऊक आहे. अलीकडे ‘चेतक फेस्टिव्हल’ हे नाव त्याला चिकटलंय. तिथे एखादा मारवाडी घोडा बघा. त्या जातीचे कान आत वळलेले असतात, ताठ झाले की टोकाला टोक भिडतं. ढोल सुरू झाला की मान उचलून, एकेक पाय जागच्या जागी वर घेत तो असा काही चालतो की बघे आपोआप मागे सरकतात. ती चाल म्हणजे दिमाख. गळ्यातल्या माळा, रंगीत गोंडे, पाठीवरची जरीची झूल, हा थाट. तो मालकाने केलेला. माळा काढून ठेवा, थाट उतरला, दिमाख तसाच. त्यामुळे ‘दिमाखदार सोहळा’ हे छापील जोडपं मला फारसं रुचत नाही, पण आता ते इतकं रुळलंय की मी खोडायचं सोडून दिलं.

गाजावाजा हा शब्द तर नकारातच जास्त राबतो. ‘कसलाही गाजावाजा न करता मदत केली.’ होकारात आला की लगेच टोमणा होतो : ‘एवढा गाजावाजा केला आणि नळाला पाणी नाही.’ इतमाम एकेकाळी राजेरजवाड्यांच्या स्वारीचा शब्द होता, आता बातम्यांत तो फक्त ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार’ एवढ्यापुरता उरलाय. लग्नपत्रिकेत घालू नका.

आता यात्रा. जळगावचा रामरथ 1872 पासून कार्तिकी एकादशीला निघतो. गर्दी, फुलं, रोषणाई, वाजंत्री, सगळं असतं, तरी त्याला भपका म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्या रथाबरोबर मोगरीवाले असतात. उतार आला, वळण आलं की पळत्या चाकापुढे लाकडी मोगरी सरकवायची आणि हात काढून घ्यायचा, हे त्यांचं काम. एवढं प्रचंड धूड गल्लीबोळातून त्यांच्याच भरवशावर वळतं. वाटेत भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो, तिथे चादर चढते, मग पुढे निघतो. यात कुणा एकाचं घर मोठं दिसत नाही, म्हणून बडेजाव, डामडौल हे शब्द तिथे टिकतच नाहीत. सोहळा म्हणा, उत्सव म्हणा, नाहीतर आपल्याकडे अहिराणीत म्हणतात तसं नुसतं ‘काय थाट शे भो!’ म्हणा.

आणि तगतराव विसरू नका. मूळ फारसी तख्त-ए-रवाँ, म्हणजे चालतं सिंहासन. बादशहाची ऐट खान्देशात गावयात्रेच्या गाडीवर आली. सजवलेल्या गाडीवर तमाशातले कलावंत चढतात, ढोलकी-हलगी वाजते आणि गावभर मिरवणूक फिरते. रात्रीच्या तमाशाची याहून चांगली जाहिरात नाही. काही गावांत बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, नाव मात्र तगतरावच. हा शब्द तुमच्या गावात चालत असेल तर त्याला ‘भव्य शोभायात्रा’ करून टाकू नका. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला कळणार नाही म्हणून बरेच जण तसं करतात. पाहुणा विचारेल, त्याला सांगा.

तर पत्रकासाठी : ‘मोठ्या थाटामाटात’ एकदा येऊ द्या, पुरे. ‘वाजत गाजत’ही चालेल, त्यात ऐकू येतं काहीतरी. ‘भव्यदिव्य’, ‘न भूतो न भविष्यति’ आणि ‘शाही’ काढा. ‘जल्लोष’ जिंकल्यावर शोभतो, त्यामुळे कुस्त्यांच्या निकालाच्या बातमीसाठी राखून ठेवा. वाचलेल्या जागेत लोकांना हवं ते लिहा : तगतराव कुठून आणि किती वाजता निघणार, बारागाड्या (एकमेकींना बांधलेल्या बारा गाड्या) कोणत्या रस्त्याने ओढणार, त्या ओढणारा भगत कोण, कुस्त्या कधी, तमाशा कुठल्या पटांगणात, गाड्या कुठे लावायच्या. वर्गणीदारांची नावं मागच्या बाजूला, आडनावांच्या क्रमाने घ्या, नाहीतर कोणाचं नाव आधी यावरून यात्रेआधीच कुस्ती लागेल.