पत्रोत्तरे: वर्षातले तीन तास

प्रश्न: सर, सप्रेम नमस्कार. सावंतवाडीजवळ घरामागे माझी १२ बाय १५ फुटांची शेड आहे. गेल्या तीन वर्षांत हातकरवत आणि रंधा यांवर चार अकूस्टिक गिटारी केल्या. आता वर्षाला आठ-दहा करायचा विचार आहे. शिसमाच्या फळ्या वखारीतून चिरून आणतो, पण त्या एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक येतात. म्हणून बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत, घ्यायचा आहे. समोर तीन पर्याय आहेत : टेबलावर ठेवायची नवी १० इंची, नवी १४ इंची दीड एचपीची, आणि कोल्हापूरच्या एका बंद पडलेल्या पॅटर्न शॉपमधली (ओतकामासाठी लाकडी नमुने करणाऱ्या कारखान्यातली) बिडाची २४ इंची, थ्री फेजवरची. जुनी सगळ्यांत स्वस्त पडते आहे. कोणती घेऊ?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: तुम्ही तिन्ही मशीनांचे इंच कळवलेत, लाकडाचे मात्र कळवले नाहीत. १०, १४, २४ हे चाकाचे माप. त्यावरून पात्यापासून मागच्या खांबापर्यंत किती जागा आहे ते कळते. गिटारवाल्याला लागते ते दुसरेच माप : टेबलापासून वरच्या गाईडपर्यंतची, म्हणजे पाते सरळ धरून ठेवणाऱ्या भागापर्यंतची, उंची. फळी उभी धरून तिचे पातळ पापुद्रे काढायचे, तर तेवढी उंची हवीच.

ड्रेडनॉट या मोठ्या आकाराची गिटार खालच्या फुगीर भागात साधारण १५⅝ इंच रुंद असते. पाठ दोन सारख्या पापुद्र्यांची, पुस्तक उघडावे तशी जोडलेली. म्हणजे एक पापुद्रा जेमतेम आठ इंच, कड साफ करायला थोडे वाढवून सव्वाआठ-साडेआठ. तेव्हा उंची दहा इंच तरी असावी. १० इंची टेबलावरच्या मशीनमध्ये बहुधा चार ते सहा इंच मिळते. ती बाद.

१४ इंचीमध्ये दोन जाती आहेत आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. जुन्या धाटणीची बिडाच्या कमानीची असते, तिच्यात सहाच इंच उंची. मध्ये ठोकळा घालून ती बारा करता येते, पण मग पातेही लांब लागते : साडेत्र्याण्णव इंचांऐवजी १०५. दुसरी जात जाड पत्र्याच्या वेल्डिंग केलेल्या खांबाची. तिच्यात मुळातच दहा किंवा त्याहून जास्त असते. नुसते '१४ इंची' म्हणून पैसे देऊ नका, टेप लावून मोजा.

हे मी शहाणपणाने सांगतो असे समजू नका. कोल्हापुरात पॅटर्न शॉपमध्ये अठरा वर्षे काढून मी गिटारीकडे वळलो. बँडसॉ तर आपल्या हातातला, या तोऱ्यात पहिली १४ इंची घेतली ती सहा इंच उंचीची. नंतर एका वाड्याच्या मोडतोडीतून शिसवी पलंगाची बाजूपट्टी मिळाली, साडेआठ इंच रुंद, काळीभोर, सरळ रेषांची. मशीनखाली जाईना. शेवटी ती उभी कापून अरुंद केली आणि पाठ तीन तुकड्यांची केली. गिटार चांगली झाली. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६५ मध्ये डी-३५ काढली, तिचीही पाठ तीन तुकड्यांची आहे, कारण रुंद ब्राझिलियन शिसम मिळेनासे झाले होते. अडचणीतून चांगले निघू शकते, हे खरे. पण ती पट्टी कापताना माझा जीव किती तुटला ते मलाच माहीत.

आता त्या २४ इंची मशीनबद्दल. खरे सांगतो, तुमचे पत्र वाचल्यावर माझे मन पहिल्यांदा तिकडेच ओढले. तसल्याच मशीनवर मी शिकलो. आमचे मिस्त्री पात्याच्या आवाजावरून सांगायचे, दात गेलेत की ताण गेलाय. बिडाची ती कमान वाकत नाही, जाड चाक एकदा फिरायला लागले की आठ इंच शिसमातही दबत नाही. पण थोडा हिशेब मांडू. एका गिटारीला पाठीचे दोन पापुद्रे आणि बाजूंचे दोन, म्हणजे चार काप. दहा गिटारींचे चाळीस. हळूहळू ढकलत एका कापाला चार मिनिटे धरली, तरी वर्षाकाठी तीन तास होत नाहीत. उरलेले सगळे वर्ष तुमचा बँडसॉ मानेचा आकार काढील, आतल्या पट्ट्या चिरील, हेडस्टॉकचा, म्हणजे खुंट्यांच्या टोकाचा, तिरका जोड कापील. त्याला २४ इंची कशाला? अर्धा टनाच्या घरात जाणारे ते धूड शेडचा कोपरा खाईल, खाली पक्का काँक्रीटचा ओटा मागेल. थ्री फेज कनेक्शनसाठी महावितरणकडे अर्ज आणि दर महिन्याचा स्थिर आकार वेगळा. मोटर तीन एचपीपर्यंत असेल आणि तिच्या पाटीवर डेल्टा जोडणीला २३० व्होल्ट लिहिले असेल, तर व्हीएफडी (सिंगल फेजचे थ्री फेज करून देणारे यंत्र) बसवून घरच्या सिंगल फेजवर चालवता येते, हेही सांगून ठेवतो. तरीही माझे मत नाही असेच.

तेव्हा १४ इंची, दहा इंच उंचीची. दीड एचपी चालेल, फक्त शिसमात घाई करायची नाही. त्याच मशीनला दोन एचपीची मोटर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन ती घ्या. दोन एचपी म्हणजे दीड किलोवॅट, चालताना नऊ-दहा अँपिअर आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. मीटरपासून वेगळी लाइन ओढून १६ अँपिअरचा सॉकेट घ्या. घरातल्या फ्रिजच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढाल, तर तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा मोटर घुमत बसेल आणि कपॅसिटर जाईल.

मशीनइतकेच, किंबहुना जास्त, पात्यावर अवलंबून आहे. चिरायला चार सुताचे, म्हणजे अर्ध्या इंचाचे, इंचाला तीन दात असलेले पाते घ्या. पुष्कळांना वाटते जास्त दात म्हणजे काप गुळगुळीत. पातळ लाकडाला ते खरे. आठ इंच लाकडात मात्र प्रत्येक दाताने काढलेला भुसा दातांमधल्या खाचेत मावून खालपर्यंत जायला हवा. दात दाट असले की खाच लहान, ती अर्ध्यातच भरते, पाते तापते आणि वाट फुटेल तिकडे वळते. सहा सुताचे रुंद पाते जास्त सरळ कापील म्हणून ते घ्यायचा मोह होईल, पण १४ इंचीची कमान त्याला पुरेसा ताण देऊ शकत नाही. ढिल्या रुंद पात्यापेक्षा ताठ अरुंद पाते बरे. वळणांसाठी दोन सुताचे, इंचाला सहा दातांचे. ते साधारण पाच सूत त्रिज्येचे वळण घेते.

ढिल्या पात्याची गोष्ट सांगतोच. एकदा गडबडीत बोथट पात्यावर, ताण न बघता, तुणीसारखे साधे लाकूड नव्हे, चांगले शिसम चिरायला घेतले. वरची कड साडेचार मिलिमीटर, खालची कड साडेचार मिलिमीटर, अगदी बरोबर. पापुद्रा सुटून हातात आला तेव्हा मधोमध दीड. पाते लाकडाच्या आत पोटासारखे फुगून गेले होते, बाहेरून काही दिसत नव्हते. शेजारचा पापुद्रा तेवढाच मध्ये जाड. दोन्ही वाया, कारण पाठ शेवटी अडीच ते तीन मिलिमीटरवर आणायची असते.

म्हणून विकत घ्यायच्या आधी दुकानात स्वतःचे लाकूड न्या. आठ इंच रुंद, फूटभर लांब आंब्याचा तुकडा चालेल. चार सुताचे नवे पाते लावून घ्या, पापुद्रा काढा आणि व्हर्निअरने वर, मध्ये, खाली मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक असेल तर मशीन उचला. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. त्याच फेरीत पाच रुपयांचे जुने जाड नाणे टेबलावर कडेवर उभे करून मशीन चालू करा. ते पडले तर चाकांचा तोल बघायला सांगा. वरचे गाईड पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून पाहा. दोन्हीकडे ते पात्याला सारखेच टेकले पाहिजे. बऱ्याच मशीनमध्ये गाईडचा दांडा किंचित तिरका असतो आणि मग दर उंचीला नव्याने जुळवत बसावे लागते.

घरी आणल्यावर फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची पट्टी, टेबलाच्या पुढच्या कडेला काटकोनात धरून चिरायला लागू नका. एका फळकुटावर कडेला समांतर रेघ ओढा आणि फेन्सशिवाय, हाताने, रेघेवरून निम्मे कापा. रेघ धरून ठेवण्यासाठी फळकूट आपोआप ज्या कोनात फिरेल, त्या कोनातच थांबवा आणि फेन्स तसा बसवा. प्रत्येक पात्याची ओढ वेगळी, पाते बदलले की पुन्हा हे करायचे. पहिला काप मारण्याआधी फळीचा एक चेहरा आणि एक कड रंध्याने सरळ करा, आणि दर पापुद्र्यानंतर तो चेहरा पुन्हा साफ करा. साडेचार मिलिमीटरचा पापुद्रा आणि पात्याच्या कापात व साफ करण्यात जाणारे दीड धरले, तर दोन इंच जाडीच्या फळीतून आठ निघतात. म्हणजे चार पाठी. वखारवाला तुम्हाला किती काढून देतो, ते तुम्हीच मोजून पाहा.

जुने लाकूड घेत असाल तर आधी चुंबक फिरवा. वाड्याच्या लाकडात खिळा तुटून आत राहिलेला असतो आणि वरून रोगण मारलेले असते.

भुशाकडे दुर्लक्ष करू नका. शिसमाच्या भुशाने कित्येकांना खाज आणि दमा होतो. चार इंची पाइपचा डस्ट कलेक्टर मशीनसोबतच घ्या, निदान एन-९५ मास्क तरी. तुमच्याकडे पावसाळा म्हणजे बिडाच्या टेबलावर एका रात्रीत गंज : काम झाले की मेण घासा आणि पात्याचा ताण ढिला करून ठेवा.

प्रश्न: मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. मला स्वतःसाठी एकच इलेक्ट्रिक गिटार करायची आहे. बँडसॉशिवाय होईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: होईल. इलेक्ट्रिकची बॉडी ४५ मिलिमीटरच्या आसपास जाड असते, जिगसॉ तेवढे कापतो. फक्त जिगसॉचे पाते खालच्या बाजूला वाकडे जाते, म्हणून रेघेच्या बाहेर तीन मिलिमीटर सोडा. मग एमडीएफच्या टेम्प्लेटवर बेअरिंग असलेल्या बिटाने राउटर मारून उरलेले साफ करा. फरशीवर ठोकळ्यांवर ठेवून कापू नका, बाकाला क्लॅम्प करा. एका गिटारीसाठी बँडसॉ घेणे म्हणजे एका चहासाठी म्हैस पाळणे.

प्रश्न: आमच्याकडे सतार-तंबोऱ्याचा कारखाना आहे. बँडसॉचे पाते दर आठवड्याला तुटते, आणि तुटते ते नेहमी जोडाच्याच बाजूला. मशीन बदलावी का? — एक वाचक, मिरज

उत्तर: मशीन नका बदलू. जोडाच्या बाजूला तुटते, म्हणजे पाते जोडणारा वेल्डिंगनंतर जोड नीट मऊ करत नाही. वेल्डिंगचा भाग थंड होताना काचेसारखा ठिसूळ होतो. तो मंद लाल होईपर्यंत पुन्हा तापवून सावकाश थंड करावा लागतो, आणि मग जोडाची दोन्ही बाजूंची गाठ घासून पात्याइतकी पातळ करावी लागते. गाठ राहिली तर ती गाईडवर दर फेरीला ठोकते. आवाज ऐका : चालताना टक-टक येत असेल तर तेच. नवा जोड चाकाएवढ्या गोलाईत हाताने वाकवून पाहा, तिथे कोन पडता कामा नये, सरळ गोल वाकला पाहिजे. तुमच्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इतके कसबी हात एकत्र असलेल्या गावात पाती नीट जोडून देणारा एखादा नक्की सापडेल. तोवर रात्री कारखाना बंद करताना ताण सोडत जा, आणि मागचे थ्रस्ट बेअरिंग पात्याला सतत टेकलेले असेल तर कागदाच्या जाडीइतके मागे घ्या.