दुकान एकाच्या नावावर, सही दोघांची

प्रश्न : फोंड्यात माझे हार्डवेअरचे दुकान आहे. जागेचे खरेदीखत आणि जीएसटी नोंदणी माझ्या एकट्याच्या नावावर आहे. शिवाय एका भागीदारी फर्ममधून मला भागीदार म्हणून दरमहा मानधन मिळते. आमचे लग्न गोव्यातच नोंदवलेले असून त्यापूर्वी आम्ही कोणताही करार केला नव्हता. आता बँक तारणासाठी पत्नीची सही मागते आणि नवे सीए म्हणतात की निम्मा नफा तिच्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. हे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू आहे. खुद्द पोर्तुगालने ती १९६७ मध्ये बाजूला ठेवली. आपल्याकडे मात्र विवाह आणि पतिपत्नीची मालमत्ता या बाबतीत ती अजून चालते. विवाहपूर्व करार नसेल, तर लग्नाआधीची, नंतर कमावलेली आणि वारशाने आलेली मालमत्ताही सामान्यतः दोघांची सामायिक होते. त्यामुळे खरेदीखतावर आपले एकट्याचे नाव असले तरी जागेची निम्मी मालकी पत्नीची आहे आणि तिच्या संमतीवाचून जागा विकता येत नाही वा गहाणही ठेवता येत नाही. करार आता करू म्हणाल, तर ती वेळ लग्नाबरोबरच गेली.

आयकराच्या बाबतीत पगार सोडून इतर प्रत्येक शीर्षाखालचे उत्पन्न पतिपत्नीत समसमान वाटले जाते. ही तरतूद १९६१ च्या कायद्यात कलम ५अ म्हणून होती आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही ती कायम आहे. गोम भागीदारीच्या मानधनात आहे. लोक त्याला सर्रास पगार म्हणतात, पण आयकराच्या दृष्टीने ते धंद्याचे उत्पन्न असल्यामुळे त्याचीही अर्धी वाटणी होते. हेच पैसे कंपनीचे नोकरदार संचालक म्हणून मिळाले असते, तर ते पूर्णपणे आपलेच धरले गेले असते. कापल्या गेलेल्या टीडीएसचे श्रेयही त्याच हिशेबाने पत्नीकडे वर्ग करायला विसरू नका. बहुतेक नोटिसा इथेच उगवतात.

प्रश्न : मी सावंतवाडीचा व्यापारी आहे. म्हापशातील एक गाळा विधुर मालकाकडून घ्यायचा आहे. त्यांना एक मुलगा व एक मुलगी असून दोघेही विवाहित आहेत. मालक म्हणतात, ‘गाळा माझ्या नावावर आहे, मुलांना कशाला मध्ये आणता?’ त्यांची सही पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. पत्नी वारली त्या दिवशी तिचा अर्धा हिस्सा मुलांकडे गेला आणि मालकांकडे त्यांचा स्वतःचा अर्धाच उरला. मुलांचे विवाहही सामायिक मालमत्तेच्या पद्धतीचे असतील, तर खरेदीखतावर सून आणि जावई यांच्याही सह्या लागतात. म्हणजे एका गाळ्यासाठी पाच सह्या. सिंधुदुर्गातून येणाऱ्या खरेदीदाराला हे चमत्कारिक वाटते, पण गोव्यातल्या सब-रजिस्ट्रार कचेरीत हे रोजचेच दृश्य आहे.

वारसा, वाटणी आणि नोटरी यांविषयीचे नियम आता २०१२ च्या गोवा कायद्यात आहेत आणि तो २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. वारसांत एकमत असेल, तर विशेष नोटरीपुढे वारसपत्र करून सर्वांनी मिळून विक्री करता येते. एकमत नसेल, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची, कार्यवाही करावी लागते आणि तीत वारस आपापसांत बोली लावून एखादी मालमत्ता घेऊ शकतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या मालकांची सावंतवाडीत जमीन असली आणि उद्या तीही घ्यावीशी वाटली, तरी सातबारा महाराष्ट्राचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अधिवास गोव्याचा असलेल्या माणसाच्या भारतातील गोव्याबाहेरच्या मालमत्तेचा वारसाही गोव्याच्याच कायद्याने ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील एका मालमत्तेच्या वादात स्पष्ट केले आहे. वारसपत्र आणि मुलांचे विवाह नोंदणीचे दाखले हाती येईपर्यंत गाळ्याचा इसार देऊ नका.