केबलच्या वायरीला करंट का लागतो?

प्रश्न : नौपाड्यात आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. सेट-टॉप बॉक्सची केबल काढताना हाताला मुंग्या येतात. वायरमन म्हणतो, "जाळी (केबलच्या आतलं तारांचं वेष्टण) न्यूट्रलला मारून देतो, नाहीतर मोरीतल्या नळाला." केबलवाला म्हणतो, दोष तुमच्या टीव्हीत. बंद पडलेल्या लँडलाइनची वायरही अजून खिडकीतून आत येते. काय करू?
– एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : ताई, आधी त्या वायरमनला थांबवा. न्यूट्रलला जोडलेली जाळी एरवी गप्प बसेल. पण ज्या दिवशी मीटरकडचा न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी फेज तुमच्या फ्रिज-पंख्यातून फिरून त्या जाळीवर येईल. आणि जाळी म्हणजे सगळ्या जिन्याची सामाईक मालमत्ता. वरच्या मजल्यावर कुणी टीव्हीमागची धूळ पुसायला गेलं, तरी २३० व्होल्टशी गाठ. नळाचंही तेच. पाइप प्लास्टिकचा असेल तर उपयोग शून्य, लोखंडी असेल तर आंघोळ करणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

मुंग्यांचं कारण बहुधा साधं आहे. टू-पिनवर चालणारा टीव्ही, सेट-टॉप बॉक्स यांच्या पॉवर सप्लायमधून किंचित करंट बॉडीवर झिरपतो. एका घराचा एक मिलिअँपिअरसुद्धा नसतो. पण स्प्लिटरमुळे (एका केबलच्या अनेक शाखा करणारी डबी) सगळ्या घरांच्या जाळ्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही तुमच्या बोटाशी येतो. खात्री करायची तर टीव्ही आणि बॉक्स दोन्हींच्या पिना सॉकेटमधून काढा, केबल सुटी करा आणि तिच्या टोकाच्या पितळी नटला टेस्टर लावा. तरी दिवा लागला, तर करंट बाहेरून येतोय. मग केबलवाल्याला जिन्यातला तो पत्र्याचा डबा उघडायला लावा. आत अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारं यंत्र) असतो, आणि त्याला जिन्याच्या दिव्यातून ओढलेल्या दोनच वायरी. अर्थिंगची तिसरी वायर मी तरी क्वचितच पाहिली आहे. झटका जोराचा बसत असेल, तर मात्र केबलला हात न लावता आधी लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा.

खरा उपाय असा : केबल इमारतीत शिरते तिथेच ग्राउंडिंग ब्लॉक (केबलची जाळी अर्थिंगला जोडणारा धातूचा तुकडा) बसवायचा आणि त्यापासून किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची हिरवी वायर, शक्य तितकी आखूड आणि सरळ, मीटर रूममधल्या मुख्य अर्थिंगला न्यायची. केबलसाठी वेगळा रॉड ठोकून तेवढ्यावर काम सोडू नका. जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक मिटवायला वीज तुमच्या टीव्हीतूनच वाट काढते. जमिनीत रॉड कितीही असोत, ते आपसात जोडलेले हवेत. मुळात इमारतीला अर्थिंग जिवंत आहे का, हे कमिटीला मोजून घ्यायला सांगा; जुन्या बोर्डांत वरचं मोठं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या.

एवढं करूनही थेट इमारतीवर किंवा केबलवर पडलेली वीज कुणाला अडत नाही. गडगडाट सुरू व्हायच्या आत पिना आणि केबल दोन्ही काढायच्या. सुरू झाल्यावर हात लावायचा नाही.

आता लँडलाइन. मी टेलिफोनच्या खांबांवर नोकरी काढली, म्हणून सांगतो : चालू लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात, घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. तुमची लाइन बंद असली, तरी तांब्याची तार विजेला घरात आणायला पुरेशी आहे. टेलिफोन कंपनीला सांगून ती बाहेर खांबापासूनच काढून टाका. पुढे फायबर घेतलंत तर आतली काच वीज वाहत नाही. पण आधाराला पोलादी तार असेल, तर ती भिंतीबाहेरच्या हुकापाशीच कापायला लावा.