बेल्जिका एल्म : संकरित असूनही रोगाला बळी का पडला?

प्रश्न : नेदरलँड्समध्ये रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडेने एकेकाळी 'बेल्जिका' या संकरित एल्म वृक्षाच्या रांगाच रांगा होत्या आणि पुढे त्या रोगाने मेल्या, असे वाचनात आले. संकरित वाण मूळ जातींपेक्षा काटक असतात असा आमचा समज आहे. मग या वाणाचे असे का झाले? रोगाला दाद न देणारे एल्म नंतर मिळाले का?

उत्तर : आपला समज चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. बेल्जिका हा उल्मस ग्लाब्रा आणि उल्मस मायनर या दोन युरोपीय जातींच्या संकरातून आलेला वाण. सरळ खोड, झपाट्याने होणारी वाढ आणि समुद्रावरचा वारा, फरसबंदी, दबलेली जमीन हे सारे सोसण्याची ताकद त्याच्यात होती, म्हणून तो लोकप्रिय झाला. परंतु ज्या रोगाशी त्याच्या पूर्वजांचा कधी सामनाच झाला नव्हता, त्या रोगापुढे हा काटकपणा कामाला येत नाही. शिवाय हा वाण बियांपासून नव्हे, तर दाब कलमाने वाढवला जाई, त्यामुळे रांगेतील प्रत्येक झाड आनुवंशिकदृष्ट्या एकच होते आणि एक झाड ज्याला बळी पडेल त्याला सगळी पडणार हे लागवडीच्या दिवशीच ठरून गेले होते. माझ्या मते खरा दोष संकराचा नाही, या एकसारखेपणाचा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एल्म अचानक वाळू लागले. 1922 मध्ये बेआ श्वार्ट्झ या तरुण डच संशोधिकेने त्यामागे एक बुरशी असल्याचे दाखवून दिले, तीच आज ओफिओस्टोमा उल्मी म्हणून ओळखली जाते. साल पोखरणारे भुंगेरे मरणपंथाला लागलेल्या एल्मच्या सालीखाली अंडी घालतात. तेथून बाहेर पडणारे नवे भुंगेरे बुरशीचे बीजाणू अंगावर घेऊन निरोगी झाडावर जातात आणि कोवळ्या डहाळ्यांच्या बेचक्यांत साल कुरतडतात. बुरशी जलवाहिन्यांत शिरली की तिला अडवण्यासाठी झाड त्या वाहिन्या स्वतःच बुजवते, आणि या बचावातच त्याचे पाणी तुटते. ऐन उन्हाळ्यात एखाद्या फांदीची पाने पिवळी पडून गुंडाळतात. ती फांदी आडवी कापली, तर सालीलगतच्या लाकडात तपकिरी ठिपक्यांचे कडे दिसते. रांगेतील शेजारच्या झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतील, तर रोगाला भुंगेऱ्याचीही गरज उरत नाही.

प्रतिकारक्षम एल्म मिळवण्याचे काम डच संशोधकांनी अनेक दशके चिकाटीने केले, आणि त्यातून 1960 मध्ये 'कॉमेलिन' हा संकरित वाण लागवडीसाठी आला. पहिल्या बुरशीपुढे तो टिकला आणि बेल्जिकाच्या जागी मोठ्या प्रमाणावर लागला. पण त्याच दशकाच्या अखेरीस ओफिओस्टोमा नोव्हो-उल्मी ही कितीतरी अधिक घातक बुरशी उत्तर अमेरिकेतून आलेल्या ओंडक्यांबरोबर ब्रिटनमध्ये पोहोचली, पुढे नेदरलँड्समध्येही पसरली आणि कॉमेलिनही वाळू लागला. इतक्या वर्षांच्या मेहनतीचे हे फळ पाहून वाईट वाटते, पण त्या संशोधकांना दोष देता येणार नाही, कारण जी बुरशी समोर नव्हती तिच्याविरुद्ध निवड करणे शक्यच नव्हते. कॉमेलिनचे पूर्वजही युरोपीयच होते. 1973 मध्ये आलेल्या 'लोबेल'सारख्या वाणांत मात्र हिमालयातील उल्मस वॉलिचियाना या एल्मचा अंश आहे आणि नव्या बुरशीपुढे ते कॉमेलिनपेक्षा बरे टिकतात. त्यांना पूर्ण रोगमुक्त म्हणता येणार नाही.

जुने एल्म वाचवण्याचा मार्ग अधिक साधा आहे, पण त्यात खंड पडून चालत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये आजही हजारो एल्म उभे आहेत, ते दर उन्हाळ्यात होणाऱ्या तपासणीमुळे. लक्षणे दिसलेले झाड भुंगेऱ्यांची नवी पिढी बाहेर पडण्यापूर्वी तोडावे लागते, आणि त्याचे लाकूड सालीसकट कोठेही रचून ठेवता येत नाही.