रंगरूप नंतर, आधी साइझचं बघ

बूट-कपड्यांच्या ऑनलाइन दुकानाची साइट नव्याने करताना होमपेजच्या बॅनरवर आत्ताच डोकेफोड करू नकोस. बूट-चपला परत येतात त्या बऱ्याचदा मापामुळे, तेव्हा सुरुवात प्रॉडक्ट पेजपासून कर. युरोपियन मापात एका नंबरचा फरक साधारण 6.67 मिलिमीटर, ब्रिटिश मापात 8.47. म्हणून एकच तक्ता सगळ्या ब्रँडना चिकटवलास की घोळ झालाच समज. प्रत्येक ब्रँडचा तक्ता वेगळा, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि तो साइझच्या बटणाशेजारीच उघडला पाहिजे. संपलेला नंबर गायब करू नकोस. फिका दाखव, खाली ‘आल्यावर कळवा’ दे. एकाच बुटाचे चार रंग म्हणजे चार प्रॉडक्ट की एकाचेच व्हेरिएंट, म्हणजे एकाच पानावरचे पर्याय, हे डेटा भरण्याआधी ठरव. नंतर निस्तरताना जीव जातो.

कपड्यांच्या फोटोखाली मॉडेलची उंची आणि तिने घातलेला साइझ लिही. बुटाचा सोलही दिसू दे.

जुन्या साइटची प्रत्येक लिंक तिच्याच नव्या पानावर 301 ने, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ असं सांगणाऱ्या रीडायरेक्टने, वळव. सरसकट होमपेजवर ढकलणारे महाभाग असतात. गूगल अशा लिंका सॉफ्ट 404, म्हणजे ‘पान सापडलंच नाही’ अशा, धरू शकतं.

आणि हो, सेलच्या तोंडावर लाँच नको, मालक कितीही मागे लागला तरी.