चेरी कोळंबीसाठी झाडं लावलेली टाकी करायची आहे, पण दुकानातून आणल्यावर कोळंब्या दोन-चार दिवसांत मरतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा टाकी तयार व्हायच्या आधीच कोळंब्या सोडल्या जातात. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे टाकी तयार झाली असं नाही. अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं) खाणारे जीवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर दोन्ही शून्य दिसेपर्यंत घाई करू नका.

२०-३० लिटरची टाकी आणि स्पंज फिल्टरच घ्या. साध्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात. झाडांमध्ये जावा मॉस हवंच, जोडीला अनुबियास. दोन्हींना कमी उजेड चालतो. मॉसवर जीवाणूंचा आणि शेवाळाचा बारीक थर धरतो. पिल्लं दिवसभर तोच खुडत बसतात, म्हणून वरून खाणं अगदी थोडं टाका.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं औषध वापरा. तांबं कोळंबीला विषासारखं, त्यामुळे माशांची औषधं आणि झाडांची खतं लेबल वाचूनच घ्या. पाणी फार मऊ (कमी क्षारांचं) असेल तर कात टाकताना त्या अडकून मरतात. तिथे जीएच (पाण्याचा कठीणपणा) वाढवणारे क्षार घालावे लागतात. टाकलेली कात काढू नका, त्या ती खातात.

आपल्याकडचा उन्हाळा मात्र सांभाळा. पाणी २८ अंशांवर जायला लागलं की झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावा.

नव्या कोळंब्या थेट ओतू नका. बारीक नळीतून टाकीचं पाणी थेंबथेंब त्यांच्या भांड्यात तासभर सोडा, मग जाळीने उचलून टाकीत.