शाळेच्या आनंदनगरीतून आठवी-नववीच्या लेकरांना खरंच धंदा कळतो का?
कळतो, पण बक्षीस गल्ला बघून न देता हिशोबाची वही बघून दिलं तरच. परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीला शिकवतो आणि आनंदनगरी, म्हणजे पोरांनीच स्टॉल लावून माल विकायचा मेळावा, स्पर्धा म्हणून घेतो, त्यावरून सांगतोय. एका गटानं भेळ विकून 640 रुपये जमवले. मुरमुरे, फरसाण, कांदे 380 चे, म्हणून वहीत नफा 260. शेंगदाणे, चिंच, गूळ घरून आणलेले, त्यांचा भाव कुणी धरलाच नव्हता. तो 150 धरला तेव्हा उरले 110, म्हणजे पाच जणांत माणशी 22 रुपये! नफा-तोट्याच्या गणिताला पोरं इतकी गप्प कधी बसत नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर:
- सगळ्या गटांना सारखंच भांडवल द्या, आणि ते परत घ्या. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2021 साली सुरू झालेल्या 'बिझनेस ब्लास्टर्स' या धंदा शिकवायच्या उपक्रमात अकरावी-बारावीच्या मुलांना भांडवल म्हणून माणशी 2000 रुपये होते. आपल्याकडे गटाला 400 पुरतात.
- खाण्याचे स्टॉल निम्म्यावर आणा, नाहीतर दहा ठिकाणी वडापावच. वसमतची हळद सुटी आणून पुड्या बांधणाऱ्या मुलींना वजन, पिशवी, भाव सगळंच ठरवावं लागलं.

एवढं मात्र आहे की एका दिवसात गिऱ्हाईक म्हणजे आईवडील आणि गुरुजी. ते मायेपोटी घेतात, घासाघीस करत नाहीत. उधारी आणि उरलेला माल कळायला निदान चार शनिवार हवेत.